उडत्या गाडीचा हिशोब आधी कर

अरे पोरा,

तुझा मेसेज मिळाला, उडत्या गाडीचं स्केच पण बघितलं. नाशिकच्या द्वारका चौकात पाऊण तास अडकल्यावर गाडीला पंख फुटावेत असं कुणालाही वाटेल, मलाही वाटलंय. पण काका म्हणून विचारलंयस तर सांगतो, ओझरच्या विमान कारखान्यात, विमानांच्या पत्र्यात आयुष्य गेलंय माझं, तू ते चार पंखे गाडीच्या रुंदीत बसवलेत ना, तिथेच घोडं अडतंय.

माणसं-बॅटरी सगळं धरून 1000 किलोची गाडी घे. पंखे फिरताना व्यापतात ते क्षेत्रफळ एकूण 10 चौरस मीटर धर, तेवढंपण खरं तर टपावर मावत नाही. नुसतं हवेत एका जागी थांबायला, काहीच वाया जात नाही असं मानलं तरी, जवळपास 200 किलोवॅट लागतात, आणि तेवढीच गाडी सपाट रस्त्यावर 60 च्या स्पीडने पळवायला 5 च्या आसपास पुरतात! आता त्यात 300 किलो बॅटरी, किलोला 250 वॅट-अवर वीज साठते असं पकड, म्हणजे 22 मिनिटांत खेळ खल्लास, आणि खाली उतरायला जागा नाही मिळाली तर? पंख्यांचं क्षेत्रफळ दुप्पट केलंस तर 200 किलोवॅटचे 140 होतात, पण मग ती गंगापूर रोडवर शिरणार कशी. रस्त्याला अरुंद पाहिजे, हवेला पसरट.

स्लोव्हाकियाच्या एअरकार नावाच्या उडत्या गाडीने पंख घडी करून यातून वाट काढली, 2021 ला नित्राहून ब्रातिस्लावाला 35 मिनिटांत उडत गेली, पुढच्या वर्षी उडायचं सर्टिफिकेट पण मिळालं. भारी काम, मनापासून सांगतो. पण तिला रनवे लागतो, म्हणजे आधी ओझरच्या विमानतळापर्यंत ट्रॅफिकमधूनच जा! जर्मनीच्या लिलियम कंपनीने रनवे नको म्हणून उभं चढणारं विमान करायला घेतलं, हुशार माणसं होती, तरी 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. (आणि संक्रांतीला येवल्यावरून जाताना पंख्यात मांजा गुंतला तर काय, ते मी अजून विचारलंच नाहीये.)

म्हणून फायनल इयरच्या प्रोजेक्टला अख्खी गाडी करू नकोस. एकच पंखा घे, स्टँडला बांध, किती उचलतो ते काट्यावर बघ, किती वॅट खातो ते लिहून ठेव, मग मोठा पंखा लावून परत. आवाज पण मोज, तुमच्या कॉलनीतल्या आजी लोकांना तो रोज सहन करायचाय.

रविवारी ये, काटा माझ्याकडे आहे. आणि पंख्याला जाळी लावल्याशिवाय मी सप्लाय देणार नाही, आधीच सांगतो.

— काका