ऑटोलिस्पने (ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेने) काढलेली बोल्टच्या भोकांची वर्तुळं भलत्याच जागी का चिकटतात?

तुमचं गणित बरोबर असणार. 'पोलर'ला (कोन आणि अंतरावरून बिंदू काढणाऱ्या फंक्शनला) कोन रेडियनमध्येच देताय ना, एवढं फक्त बघा. खरा घोळ ऑब्जेक्ट स्नॅपचा, म्हणजे बिंदू आपोआप जवळच्या रेघेच्या टोकाला वगैरे चिकटवणाऱ्या सोयीचा आहे. ऑटोकॅडच्या आज्ञा चालवणाऱ्या 'कमांड' फंक्शनला दिलेल्या बिंदूंनाही चालू स्नॅप लागू होतो, त्यामुळे जवळ जुनी रेघ असली की बोल्टच्या भोकाचं केंद्र तिच्या टोकावर उडी मारतं. झूम आउट केल्यावर तर हमखास.

ओस्मोडची (कोणते स्नॅप चालू आहेत ते सांगणाऱ्या सेटिंगची) किंमत जपून ठेवा, ती 0 करा, शेवटी परत लावा. मधेच कुणी एस्केप दाबलं तर स्नॅप बंदच राहतो (मग ड्राफ्ट्समन आपल्या नावाने शंख करतो!), म्हणून प्रोग्रॅम मधेच थांबला की चालणाऱ्या एरर फंक्शनमध्येही ती परत लावा.

मी मात्र 'कमांड'ऐवजी 'एंटमेक' वापरेन, ते वर्तुळ थेट ड्रॉइंगच्या डेटाबेसमध्ये घालतं. त्यात स्नॅपचा संबंधच नाही आणि शेकडो भोकं असली तर वेगही जाणवतो. फक्त यूसीएस (आपण स्वतः लावलेले अक्ष) फिरवलेला असेल तर बिंदू आधी 'ट्रान्स' फंक्शनने वर्ल्डमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या मूळ अक्षांमध्ये आणा.