रागाची मुदत

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला मसुदा काल रात्री दोनदा वाचला. वेस्टमिन्स्टरमध्ये पक्षनेत्याच्या कार्यालयात लागून तुला तीन महिनेही झाले नाहीत, आणि फेब्रुवारीत बँकांचे वार्षिक निकाल लागायच्या आधी बोनसवरचं निवेदन लिहायचं काम तुझ्याकडे आलं. ऐकून ऊर भरून आला. म्हणूनच भीड न ठेवता लिहिते. मसुद्यात 'हावरे' हा शब्द पाच वेळा आला आहे, 'नियम' एकदाही नाही.

बँकांच्या बोनसवरचा लोकांचा राग खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो मी काचेच्या आतल्या बाजूने पाहिला आहे. २००८ च्या आर्थिक संकटात सरकारने बुडत्या बँका जनतेच्या पैशाने वाचवल्या, त्यानंतर २००९ साली मी पश्चिम लंडनमधल्या एका शाखेत काउंटरवर बसत होते. आमच्या बँकेने सरकारचं भांडवल घेतलेलं नव्हतं, पण दारातून आत येणाऱ्याला त्याचं काय? एक निवृत्त बस ड्रायव्हर दर मंगळवारी पैसे काढायला यायचे. त्या दिवशी त्यांनी पासबुक काचेखालून सरकवलं आणि सोडलंच नाही. एक टोक त्यांच्या बोटांत, दुसरं माझ्या. "यंदा तुझ्या बोनसमध्ये माझे किती?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्या वर्षीच्या माझ्या बोनसमध्ये घरी एक वॉशिंग मशीन आलं होतं. तेच मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग पासबुक सोडलं आणि म्हणाले, "मग ओरडायचं कुणावर, ते तरी सांग."

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम तुझ्या नेत्याचं आहे. ते दिलं नाही तर राग समोर सापडेल त्याच्यावर निघतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या वर्षी आमच्या शाखेतल्या एका नव्या मुलीने तर बाहेर पडताना गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये लपवायला सुरुवात केली होती.

आणि हा राग नुसत्या मोठ्या आकड्यावर आहे असं समजू नकोस. फुटबॉलपटूंचे पगार ऐकून लोक कुरकुरतात आणि मॅच बघायला बसतात. बोनसवरून डोकं फिरतं ते हिशेबामुळे. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड वाचवायला ब्रिटिश सरकारने ऑक्टोबर २००८ पासून एकूण ४५.५ अब्ज पौंड ओतले आणि बँकेची ८० टक्क्यांहून जास्त मालकी जनतेच्या गळ्यात आली. २००८ या एका वर्षाचा तिचा तोटा होता २४.१ अब्ज पौंड. सरकारने हातातले शेवटचे शेअर विकले ते मे २०२५ मध्ये, आणि तेव्हाही सुमारे दहा अब्ज पौंडांची भरपाई झालेली नव्हती. चालली तर नफा त्यांचा, बुडाली तर तोटा आमचा. बस ड्रायव्हर असो की प्राध्यापक, एवढं गणित सगळ्यांना समजतं.

आता नेत्यांनी या रागाचं काय केलं ते बघ.

बँक बुडवून रॉयल बँकेचे मुख्याधिकारी फ्रेड गुडविन गेले आणि वयाच्या पन्नाशीत त्यांना वर्षाला सुमारे सात लाख पौंडांची पेन्शन सुरू झाल्याचं २००९ च्या फेब्रुवारीत बाहेर आलं. मजूर पक्षाच्या उपनेत्या हॅरिएट हार्मन टीव्हीवर म्हणाल्या की कायद्याच्या न्यायालयात हा करार टिकेलही, पण जनमताच्या न्यायालयात टिकणार नाही. वाक्य गाजलं. पण त्या तेव्हा सत्तेत होत्या, मंत्रिमंडळात होत्या! काही आठवड्यांतच एडिनबरात गुडविन यांच्या घराच्या काचा फुटल्या. कायदा मात्र झाला नाही. जूनमध्ये त्यांनी स्वतःच पेन्शन निम्म्यावर आणायला होकार दिला आणि विषय निवला. मंत्र्याच्या तोंडी मला 'जनमताचं न्यायालय' ऐकायचं नाही. मंत्र्याच्या हातात खरं न्यायालय असतं, खरी संसद असते.

त्याच सुमारास विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरॉन म्हणाले होते की जनतेचा मोठा वाटा असलेल्या बँकांत कुणालाही २,००० पौंडांहून जास्त रोख बोनस मिळू नये. 'रोख' हा शब्द नीट बघ. २०१२ च्या जानेवारीत कॅमेरॉन पंतप्रधान होते आणि रॉयल बँकेत रोखीची ती मर्यादा पाळलीही जात होती. पण मुख्याधिकारी स्टीफन हेस्टर यांना ३६ लाख शेअर जाहीर झाले, त्यांची किंमत ९,६३,००० पौंडांच्या घरात. शब्द मोडला नाही आणि लोकांना मात्र फसवल्यासारखं वाटलं. तू मसुदे लिहिणार आहेस, तेव्हा प्रत्येक विशेषणापाशी थांब आणि स्वतःला विचार, या फटीतून पुढे काय निसटणार आहे?

तो आठवडा मला अजून आठवतो. गुरुवारी बोनस जाहीर झाला. शनिवारी बँकेच्या अध्यक्षांनी स्वतःचे शेअर सोडले. विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांनी संसदेत मतदान घ्यायची तयारी केली, आणि रविवारी रात्री हेस्टर यांनी बोनस नाकारला. मंगळवारी गुडविन यांची 'सर' ही पदवी काढून घेतली गेली. आमच्या कँटीनमध्ये टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. मग घरी येऊन भाजी चिरताना मनात आलं, हेस्टर तर नोव्हेंबर २००८ मध्ये, सगळं कोसळल्यावर, पसारा आवरायला आलेले गृहस्थ. आणि ज्या वेतनसमितीने तो बोनस ठरवला, ज्या निकषांवर ठरवला, ते त्या मंगळवारी जसेच्या तसे होते. हेस्टर यांच्या बोनसवरच्या त्या मतदानाची आता गरजच उरली नाही. मला वाटतं, मिलिबँड यांनी तरीही जोर लावून धरायला हवा होता. हेस्टर यांच्याविरुद्ध नव्हे, तर जनतेच्या मालकीच्या बँकेत बोनस कोणत्या अटीवर मिळेल, या प्रश्नावर. लोक तेव्हा ऐकायला तयार होते.

लोकांच्या रागाची मुदत चार-सहा आठवडे असते. तेवढ्यात कागदावर काही उतरलं तर उतरलं.

उतरल्याचंही एक उदाहरण आहे, आणि त्यात टाळ्या मुळीच नव्हत्या. २०१२ च्या उन्हाळ्यात लायबोर, म्हणजे बँकांच्या आपसातल्या कर्जाच्या व्याजदराच्या, फेरफारीचं प्रकरण फुटलं. मिलिबँड यांना न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली चौकशी हवी होती, सरकारने संसदीय आयोग नेमला. अध्यक्ष अँड्र्यू टायरी, हुजूर पक्षाचे पण कुणाचीही भीड न ठेवणारे. दोन्ही सभागृहांतली, वेगवेगळ्या पक्षांची माणसं त्यात होती, पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले जस्टिन वेल्बीसुद्धा. जून २०१३ मध्ये त्यांचा अहवाल आला. वरिष्ठ अधिकाऱ्यांवर व्यक्तिशः जबाबदारी टाका, बेपर्वाईने बँक चालवणं हा गुन्हा ठरवा, बोनस दहा वर्षांपर्यंत रोखून ठेवता येऊ द्या. सगळं मान्य झालं नाही, पण बरंच झालं. गुन्ह्याचं कलम त्याच वर्षीच्या कायद्यात आलं. जानेवारी २०१५ पासून दिलेला बोनस सात वर्षांपर्यंत परत मागता येऊ लागला. त्या बस ड्रायव्हरना मी हे सांगू शकले असते: पुढे गैरवर्तन किंवा जोखीम सांभाळण्यातली मोठी चूक उघडकीला आली तर आज घेतलेले पैसे परत मागता येतील. त्यांच्या गणिताला मिळालेलं हे खरं उत्तर होतं.

युरोपीय संघाने २०१४ पासून घातलेली मर्यादा वेगळी. बोनस पगाराइतकाच, भागधारकांनी मंजुरी दिली तर दुप्पट. ऐकायला कडक, पण बँकांनी पगार वाढवले आणि 'भत्ते' सुरू केले, आणि पगार तर बँक बुडाली तरी परत मागता येत नाही. बँक ऑफ इंग्लंडलाही ही मर्यादा कधी पटली नाही. तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ती उठवण्याची घोषणा केली, ऐन महागाईत, आणि देश खवळला. मजूर पक्षाने झोड उठवली. ऑक्टोबर २०२३ अखेर मर्यादा गेली, आणि २०२४ उजाडल्यावर निवडणूक दिसू लागताच त्याच पक्षाच्या, पुढे अर्थमंत्री झालेल्या रेचल रीव्ह्ज म्हणाल्या, ती परत आणण्याचा आमचा विचार नाही. निर्णय कदाचित बरोबरही असेल. पण मग २०२२ मध्ये लोकांना जे ऐकवलं ते कशासाठी? लोक हे लक्षात ठेवतात रे. बँकेवरचा राग विझतो, नेत्यावरचा अविश्वास मागे राहतो.

आणि लोक शांत असताना काय होतं तेही बघ. ऑक्टोबर २०२५ मध्ये नियामकांनी वरिष्ठांचा बोनस रोखून ठेवण्याची मुदत जवळजवळ निम्मी करून चार वर्षांवर आणली. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानावर बातमी आली, कुणाच्या काचा फुटल्या नाहीत. ब्रिटन स्पर्धेत मागे पडू नये, असं कारण दिलं गेलं. तुझ्या नेत्याचं यावर काय मत आहे? मसुद्यात मला ते सापडलं नाही, आणि मला तर सगळ्यात आधी तेच वाचायचं होतं.

तर दुसरा परिच्छेद पूर्ण काढ, त्या मुख्याधिकाऱ्याच्या सुट्टीच्या फोटोसकट. त्याच्या बंगल्याचं नाव तर कुठेच नको. त्या जागी तीन वाक्यं घाल: बोनस किती वर्षं रोखायचा, कोणत्या परिस्थितीत परत घ्यायचा, आणि परत घेतला की नाही हे बँकेने दरवर्षी जाहीर करायचं की नाही. नेत्याला प्रत्येक वाक्य वाचून दाखव आणि विचार, उद्या तुम्ही अर्थमंत्री झालात तर हे असंच म्हणाल का? ते अडखळले तर ते वाक्य कितीही झणझणीत असलं तरी काढून टाक. तुझ्यावर चिडतील. चिडू देत.

निवेदन बाहेर पडायच्या आधी एखाद्या शाखेत जाऊन ये. रांगेत उभा राहा. काउंटरवर कोण बसलंय, तिचा वर्षाचा पगार काय असेल, याचा अंदाज घे. आणि 'बँकर' हा शब्द तिला लागू पडणार नाही अशा रीतीने वाक्य लिही.

रविवारी जेवायला ये. नवा मसुदा छापून आण, मोबाइलवर मला आता वाचवत नाही.

तुझी,
मावशी