मस्कोकाला बोट चालवायची तर

कॅनडातल्या या तलावांच्या भागात कॉटेज बुक केलंस, झकास! पण ऑन्टॅरिओचं गाडीचं लायसन्स पाण्यात चालत नाही रे. बोटीला मोटर आहे ना, मग चालवणाऱ्याकडे ऑपरेटर कार्ड हवं. त्या कार्डाच्या परीक्षेत 50 प्रश्न, 75 टक्क्यांना पास. लाल-हिरव्या बोयांचा (पाण्यात तरंगणाऱ्या वाटखुणांचा) भाग नीट वाच. प्रवाहाविरुद्ध जाताना लाल उजव्या हाताला. मी तिथेच गडबडलो होतो.

लेक अकराची ना? एकटीने चालवायची तर 10 हॉर्सपॉवरपर्यंतच, बारानंतर सोळापर्यंत 40. तू बोटीत बसून लक्ष ठेवलंस तर ही मर्यादा नाही, पण कार्ड तिलाही लागेलच. जेट-स्कीला मात्र सोळा म्हणजे सोळा. बाप मागे बसला तरी नाही. कयाकला कार्ड नको, पण लाइफ जॅकेट माणशी एक हवंच.