ताप उतरला म्हणजे मलेरिया गेला का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. घरात एकाला मलेरिया झालाय तर इतरांना लागेल का, आणि ताप उतरल्यावर उरलेल्या गोळ्या सोडल्या तर चालतं का? मी लिहायला बसले ती दुसऱ्यासाठी.

पहिल्याचं थोडक्यात सांगते. शेजारी बसून, एका ताटात जेवून मलेरिया लागत नाही. अ‍ॅनाफिलीस डासाची मादी आधी रुग्णाला चावावी लागते, तिच्या अंगात जंतू तयार व्हायला साधारण 10 ते 14 दिवस जातात, मग ती ज्याला चावेल त्याची पाळी. म्हणून मच्छरदाणी आधी रुग्णाला द्या. ताप उतरलेल्या माणसाकडूनही डासाला जंतू मिळू शकतात.

आता गोळ्यांचं. माझा जन्म लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड बघण्यात गेला. माझ्या भाच्याला एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप यायचा. दात वाजायचे, पांघरुणं पुरायची नाहीत, मग अंग फणफणायचं, शेवटी घामाने चादर चिंब. दुसऱ्या दिवशी पोरगा हिंडायला मोकळा. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला, जंतू आढळले नाहीत. भावोजींनी लगेच निकाल दिला, मलेरिया नाही! अहो, एका निगेटिव्ह स्लाइडवर मलेरिया नाही असं कुणी ठरवत नाही. मी पुन्हा रक्त घेतलं, जाड थेंब आणि पातळ थर दोन्ही केले. पातळ थरात सापडलंच: फुगलेली तांबडी पेशी, आत वेडावाकडा पसरलेला जंतू आणि पेशीभर बारीक गुलाबी ठिपके. पीव्ही, म्हणजे व्हायवॅक्स. हा जंतू तांबड्या पेशीत 48 तास वाढतो, मग पेशी एकदम फुटतात. एक दिवसाआडची थंडी त्यातूनच येते.

क्लोरोक्विनने ताप गेला. पुढे 14 दिवस प्रायमाक्विन घ्यायचं होतं. भावोजी म्हणाले, बरा झालेल्या पोराच्या पोटात औषधं कशाला कोंबायची? गोळ्या बंद. काही महिन्यांनी पुन्हा तीच हुडहुडी, पुन्हा पीव्ही. त्यांचं म्हणणं, दुसरा डास चावला. मोठ्यांपुढे तेव्हा मला बोलू दिलं नाही, म्हणून इथे सांगते. डास चावल्यावर जंतू आधी यकृतात जातात, रक्तात नंतर येतात. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतातच झोपून राहतात, आठवडे नाही, महिनोन् महिने. क्लोरोक्विन रक्तातले मारतं, या झोपलेल्यांना हात लावत नाही. त्यांच्यासाठीच प्रायमाक्विन असतं. नवा डास चावलाच नसेल असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण अर्धवट सोडलेला कोर्स समोर दिसत असताना डासावर खापर फोडणं मला पटत नाही.

तुमच्या रिपोर्टवर पीएफ, म्हणजे फाल्सिपेरम असेल तर गोष्ट वेगळी. तो यकृतात दडून बसत नाही, पण जीव घेतो तो मुख्यतः हाच. त्याने ग्रासलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, मेंदूत, मूत्रपिंडात, गरोदर बाईच्या वारेत. स्लाइडवर जंतू कमी दिसतात आणि माणूस बरळायला लागतो, झटके येतात, साखर उतरते. अशा वेळी घरी थांबून ताप मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

तेव्हा गोळ्या सोडू नका. मात्र प्रायमाक्विन मनाने सुरूही करू नका. जी6पीडी, म्हणजे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम, कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात, म्हणून आधी ती तपासणी करायची. गरोदरपणात ते देत नाहीत. भावोजींनी या भीतीने गोळ्या थांबवल्या असत्या, तर मी समजून घेतलं असतं. त्यांनी तपासणीचं नावही ऐकून घेतलं नव्हतं.