बल्ब ‘गेला’ की ‘उडाला’?

प्रश्न असा आलाय की जुन्या मॅरँट्झ रिसीव्हरच्या (रेडिओ न् अँप्लिफायर एकाच डब्यात असलेला सेट) डायलमागचा दिवा बंद पडला, कोल्हापुरातला रिपेरीवाला म्हणाला “उडलाय”, घरातले म्हणतात “गेलाय”, मग बरोबर काय, आणि “विझला” का चालत नाही?

दोन्ही बरोबर, पण अर्थ एक नाही. ‘गेला’ म्हणजे लागत नाही एवढंच, सोल्डर सुटलं, होल्डर सैल झाला तरी आपण बल्ब गेला म्हणून मोकळे होतो. ‘उडाला’ म्हटलं की आतली तार तुटली हे सांगून झालं. ‘विझला’ हा ज्योतीचा शब्द (देवघरात तर तोही टाळतात, दिवा ‘शांत झाला’ म्हणतात).

मला ‘उडाला’ फार आवडतो, कारण बल्बचं होतंही तसंच. टंगस्टनची तार गार असताना तिचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) तापलेल्या तारेच्या साधारण दहावा हिस्साच असतो, त्यामुळं बटण दाबल्या दाबल्या करंट एकदम जास्त जातो आणि वर्षानुवर्षं झिजून बारीक झालेली तार बहुतेक वेळा त्याच क्षणी तुटते, फटकन. फ्यूजही उडतोच की, आणि १९७० च्या दशकातल्या बऱ्याच रिसीव्हरमधले हे दिवे दिसायलाही फ्यूजसारखेच, काचेची नळी न् दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. म्हणून नवा आणताना नुसतं “असला द्या” म्हणू नका, “फ्यूज टाइप बल्ब” म्हणा आणि व्होल्ट, मिलिअँपिअर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून सांगा, ८ व्होल्टचे बरेच सापडतात.

आता बरेच जण त्या जागी एलईडी बसवतात. त्यात तार नसते, तो सहसा हळूहळू मंद होत जातो, तेव्हा तिथं ‘उडाला’ मला खटकतं. करंट आवरणारा रेझिस्टर न लावता थेट जोडला आणि क्षणात खलास झाला तर मात्र खुशाल ‘उडाला’ म्हणा.

अजून दोन शब्द हाताशी ठेवा, रिपेरीला सेट टाकताना लई उपयोगी पडतात. दिवा ‘मिणमिणतो’ म्हणजे उजेड कमी पण स्थिर, तिथं आधी व्होल्टेज आणि होल्डरवरचा गंज बघतात. ‘फडफडतो’ म्हणजे उजेड थरथरतो, आणि एलईडी घातल्यावर हे सुरू झालं असेल तर बहुतेक दिव्याची लाइन एसी आहे, म्हणजे करंट सारखा दिशा बदलतो, त्याला ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि कपॅसिटर (तो डीसी स्थिर ठेवणारा) लावून घ्यायला सांगा.