गल्ल्यात ठेवलेला फोन

प्रश्न : माझा गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीत ६४ टक्के होते, आता फिजिक्सच्या चाचणीत ५० पैकी १९. दीड वर्षापासून ती व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र काढणाऱ्यांचा एक ग्रुप चालवते. २१२ लोक आहेत त्यात, कॉलेजची पोरं, रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर, दोन-तीन शिंपी. रविवारी सकाळी फुटाळा तलावावर नाहीतर महाल भागात बसून चित्रं काढतात. यंदा माझ्या दुकानातले कटपीस नेऊन यांनी पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलांच्या झुली रंगवल्या. प्रत्येकी ६० रुपये आगाऊ घेऊन ४१ ऑर्डरी घेतल्या. पोळ्याच्या तीन दिवस आधी चाचणीचे मार्क कळले तसा मी फोन घेतला, ग्रुपवर "परीक्षा आहे, ग्रुप बंद" असं लिहिलं, कोणी काही लिहू नये अशी सेटिंग केली आणि फोन गल्ल्यात ठेवला. १४ झुली द्यायच्या राहिल्या म्हणते, ते काही मोठं नाही. अकरा दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. तिला डिझाइन किंवा समाजासाठी काही 'इनोव्हेशन' शिकायचं आहे. माझं म्हणणं, आधी कॉम्प्युटर इंजिनीअरिंग कर, मग या कल्पनेचं अ‍ॅप काढ. कॉम्प्युटर सायन्स घ्यावं की एआय? आणि कल्पना कोणी चोरू नये म्हणून आत्ताच पेटंट घ्यावं का?
– एक वडील, नागपूर

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते एकाच वाक्यासाठी : "१४ झुली द्यायच्या राहिल्या, ते काही मोठं नाही."

तुम्ही गांधीबागेतले व्यापारी. उद्या वरोऱ्याच्या एखाद्या दुकानदाराने बयाणा दिला, माल दिवाळीआधी पोचवायचा ठरला आणि दिवाळी तीन दिवसांवर असताना तुम्ही शटर ओढून "घरी परीक्षा आहे" अशी पाटी लावली, असं कधी झालंय? अंगात ताप असला तरी गठ्ठे बांधून ट्रान्सपोर्टला टाकाल तुम्ही. मग १४ घरांचे ८४० रुपये घेऊन माल न देणं लहान कसं झालं? रक्कम लहान म्हणून, की व्यापारी सतरा वर्षांची म्हणून?

त्या १४ घरांतल्या पोरांनी तान्ह्या पोळ्याला बैल उघड्या पाठीचाच नेला असेल. नाहीतर आईने ऐनवेळी ब्लाउजपीस कापून बांधलं असेल. त्यांना फिजिक्सच्या चाचणीशी काय देणंघेणं? आणि तुम्ही लिहिलंत ते तिच्या फोनवरून, म्हणजे तिच्या नावाने. वाचणाऱ्या २१२ जणांना वाटलं, तिनेच पैसे घेतले आणि तिनेच दार लावलं. तुम्हाला वाटतंय पोरगी फोनसाठी रुसली आहे. मला वाटतं, बाजारात तिचा शब्द पडला, आणि तो पाडणारा माणूस रोज ताटावर समोर बसतो, म्हणून ती बोलत नाही.

मार्कांचं म्हणाल तर १९ कमीच आहेत, लपवून उपयोग नाही. संध्याकाळचे तीन तास फोन आईजवळ, आणि फिजिक्ससाठी क्लासव्यतिरिक्त एखाद्या सरांकडे बसून जुने पेपर सोडवणं. एवढ्याने सुधारणारी गोष्ट आहे. त्यासाठी गल्ला लागत नाही.

आता ती करत काय होती ते बघा. पगार नाही, सर्टिफिकेट नाही, तरी रविवारी सकाळी लोक झोप मोडून तिच्या सांगण्यावरून फुटाळ्यावर येत होते, तेही दीड वर्ष. माझ्याकडे एमबीए झालेली मुलं येतात, त्यांना चार माणसांची मीटिंग वेळेवर भरवता येत नाही. मारबतीच्या मिरवणुकीत तुमच्या भागात बडग्यांचे पुतळे निघतात, ते कोण काढतं? मोहल्ल्यातली पोरं विषय ठरवतात, बांबू-कागद जमवतात आणि महागाईपासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांची रस्त्यावर धिंड काढतात. त्याला आपण 'क्रिएटिव्ह कम्युनिटी' म्हणत नाही, दारावर आले की वर्गणी देऊन मोकळे होतो. तुमच्या मुलीने तेच व्हॉट्सअ‍ॅपवर केलं, आणि वर त्यातून तुमच्या दुकानातल्या चिंध्यांना गिऱ्हाईक आणलं. त्या कटपीसचं तुम्ही आजवर काय करत होता? किलोवर देत असाल.

म्हणून कॉम्प्युटर सायन्स की एआय या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. तिने इंजिनीअरिंग मागितलेलंच नाही. अ‍ॅप लागलं तर पैसे देऊन करून घेता येतं. त्यावर यायला २१२ माणसं कुठे विकत मिळतात, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. धंद्यातली नवी कल्पना म्हणजे यंत्रच असावं असंही नाही. तुमच्या पेढीपासून जवळच १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. त्यांनी यंत्रं नवी आणलीच, पण १८८६ साली तिथे कामगारांसाठी पेन्शन फंडही काढला. कामगाराला म्हातारपण असतं, हा विचार त्या काळच्या मालकांना सूत कातायच्या नव्या चात्यांपेक्षा नवा होता.

पेटंटबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज माझ्याकडे दर आठवड्याला येतो. नुसत्या कल्पनेला पेटंट मिळत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की व्यवसायाची पद्धत आणि निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम हे शोध धरले जात नाहीत. 'कटपीसवर लोकांकडून चित्रं काढून घेऊन विकणं' ही झाली पद्धत, ती कोणीही करू शकतं. नाव आणि खूण वाचवायची तर ट्रेडमार्क आहे. वस्तूचं रूप वाचवायचं तर डिझाइनची नोंदणी आहे. आणि चित्राचा कॉपीराइट, तो ज्याने चित्र काढलं त्याचा असतो, त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. इथे जरा थांबा. त्या ४१ झुलींवरची चित्रं तुमच्या मुलीची नाहीत, तुमची तर नाहीतच. चोरीची भीती तुम्हाला बाहेरच्यांची वाटते. मला भीती वाटते ती ही, की उद्या तुम्हीच यातलं एखादं बरं चित्र उचलून थानच्या थान छापून घ्याल आणि त्या रिटायर मास्तरांना विचारणारही नाही. हा धंदा लपवून चालत नाही. शिकागोच्या थ्रेडलेसने २००० सालापासून टी-शर्टची डिझाइनं सगळ्यांसमोर मांडून, लोकांची मतं घेऊन, निवडलेली छापली आणि चित्रकाराला पैसे दिले. कल्पना पहिल्या दिवसापासून उघड्यावर होती. नक्कल करायची तर चित्रकारांचा तो सगळा गोतावळाच उभा करावा लागला असता.

हे पत्र मुलीलाही वाचायला द्या, पुढचं तिच्यासाठी आहे.

बेटा, वडिलांनी एक फोन उचलला आणि २१२ जणांचं काम थांबलं. यात अर्धी चूक त्यांची आहे. अर्धी तुझी. दीड वर्षात दुसरा अ‍ॅडमिन काहून केला नाहीस? ऑर्डरींची यादी तुझ्याच चॅटमध्ये, पैसे तुझ्याच खात्यावर, शिंप्याचा नंबर तुझ्याकडेच. ग्रुप तुझ्याशिवाय एक आठवडा चालत नसेल, तर ते सगळे अजून तुझे पाहुणे आहेत. लिज्जत पापड १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, ते तुला माहीत असेल. पापड लाटणारी प्रत्येक बहीण तिथे मालकीण असते, हे बहुतेकांना माहीत नसतं. आणि लांब कशाला, आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथे निर्णय सर्वांच्या संमतीने होतात, एकाचंही मन वळायचं राहिलं तर पुन्हा बसतात. वेळ जातो, पण एक माणूस बाजूला झाला म्हणून गाव थांबत नाही. तुला 'सोशल इनोव्हेशन' शिकायचंय ना, तर आधी तीन जणांना अ‍ॅडमिन कर आणि जमाखर्चाचा एक रोजमेळ ठेव. रोजमेळ कसा लिहायचा ते शिकवणारा माणूस घरातच आहे. तो सध्या माझ्यावर चिडलेला असेल, दोन दिवस जाऊ दे.

प्रवेश परीक्षांचं एवढंच : बी.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, आयआयटीची यूसीड आणि एनआयडीची डॅट, दोन्हीला बारावीची कोणतीही शाखा चालते. फाइन आर्टसाठी राज्याची कला सीईटी आणि आपल्या नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय. व्यवस्थापनाकडे वळायचं तर बीबीएची सीईटी. अर्जाच्या तारखा ज्याच्या त्याच्या संकेतस्थळावर बघा. यूसीड लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, म्हणून यंदा "बघू काय होते" म्हणून वाया घालवू नका. बीबीए मुलीला पटेल असं वाटत नाही, पण भाऊ, तुमच्या समाधानासाठी लिहिलं.

आता तुम्ही करायचं काम. फोन गल्ल्यातून काढा, चार्ज करा, ग्रुपवरची ती सेटिंग उघडा. १४ नावांची यादी तिच्याकडून घ्या. झूल द्यायची की पैसे परत, हे प्रत्येकाला विचारा. बैल आता कपाटात गेलेत, बहुतेक पैसेच मागतील. ते गल्ल्यातून द्या आणि तिच्या खात्यावर मांडू नका. मग ग्रुपवर लिहा की मागचा मेसेज तिने लिहिला नव्हता, मी लिहिला होता. खाली तुमचं नाव टाका. दुकानाचं नको. आणि टाइप तुम्हीच करा, तिला सांगू नका.