किलिमांजारोवर दोघं जाताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ज्वालामुखी पर्वतांवरच्या पदभ्रमणाबद्दल प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रं टांझानियातल्या किलिमांजारोबद्दल आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकात जाणारे दोघं आहेत : नवरा-बायको, बाप-लेक, ऑफिसातले मित्र. म्हणून या वेळी एवढाच विषय घेतला आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघंही शाळेत शिकवतो. गड्ड्याची यात्रा आटोपून जानेवारीअखेरीस जावं की मेच्या सुटीत? पाच दिवसांचं पॅकेज बरंच स्वस्त पडतंय. (जुळे सोलापूर)

मे नको. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत तिथे मोठा पाऊस असतो : खाली जंगलात चिखल, वर ताजा बर्फ आणि ढगांमुळे काहीच न दिसणं. जानेवारीअखेर ते मार्चची सुरुवात हा चांगला काळ आहे. त्यात रजा मिळत नसेल तर जुलै ते ऑक्टोबर. दिवाळीची सुटी नोव्हेंबरात आली तर तिथला छोटा पाऊस आडवा येऊ शकतो. पौर्णिमेच्या आसपासची तारीख मिळाली तर शिखराच्या रात्री, म्हणजे मध्यरात्री निघून शिखर गाठायचं त्या रात्री, वाट बरीच उजळ मिळते.

पाच दिवसांचं पॅकेज मात्र घेऊ नका. ते मरांगू मार्गाचं असणार. त्यातले मुक्काम बघा : मंडारा २७२० मीटर, होरोंबो ३७२०, किबो ४७२०. म्हणजे रोज सरळ हजार मीटर वर जाऊन झोपायचं. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करावा, असं उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात. हे पॅकेज त्याच्या दुप्पट वेगानं चढवतं. पाय कितीही तयार असले तरी शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतोच.

मचामे मार्गाने सात दिवस किंवा लेमोशो मार्गाने आठ दिवस घ्या. मचामे मार्गावर तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे सुमारे ४६०० मीटरवर चढून झोपायला बरांकोला, साधारण ३९५० मीटरवर उतरतात. वर चढून खाली झोपण्याचा हा एक दिवस फार मोलाचा आहे. पुढे करांगाला एक मुक्काम, मग ४६७३ मीटरवरचा बराफू तळ. याच मार्गाच्या सहा दिवसांच्या पॅकेजमध्ये नेमका करांगाचा मुक्काम गाळतात, तेव्हा बुक करण्याआधी मुक्कामांची नावं लिहून मागा. किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दिवसागणिक असल्यामुळे पॅकेज स्वस्त करायचं तर दिवसच कापले जातात. पैसे वाचवायचे तर पायथ्याजवळच्या मोशी गावातलं हॉटेल साधं घ्या, दिवस वाचवू नका.

प्रश्न : सोलापूर सपाट. डोंगर म्हणावा तर तुळजापूरचा घाट. इथे राहून तयारी कशी करायची? (होटगी रस्ता)

आधी काय झेपायला हवं ते पाहू. शिखराच्या रात्री बराफूहून ५८९५ मीटरच्या उहुरू शिखरापर्यंत १२०० मीटरांहून थोडी जास्त चढण आहे. त्याच दिवशी ३१०० मीटरच्या म्वेका तळापर्यंत उतरायचं, म्हणजे जवळजवळ २८०० मीटर उतार. लोक तयारी चढणीची करतात आणि गुडघे जातात ते उतरणीवर.

जिन्यावर ही तयारी होते. मजला साधारण तीन मीटरचा धरला तर पाच मजली इमारत तळापासून गच्चीपर्यंत वीस वेळा चढल्यावर ३०० मीटर होतात. आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या महिन्यात रिकाम्या पाठीने, दुसऱ्यात पाठीवर चार किलो, तिसऱ्यात सात किलो. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, वजन नेमकं ठेवता येतं. उतरताना लिफ्ट वापरायची नाही, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूंना जो ताण तिथे बसणार आहे त्याची तयारी उतरतानाच होते. रविवारी चार-पाच तास सलग चालणं, तेही पहाटे पाचला सुरू करून. एप्रिल-मेच्या उन्हात चालून काटकपणा येतो असं समजू नका. उन्हाने थकवा साचतो, आणि उष्णतेची सवय थंड, विरळ हवेत कामाला येत नाही.

निघण्याच्या महिनाभर आधी एकदा पुण्याला जाऊन सिंहगड आतकरवाडीच्या वाटेने एकाच दिवशी दोनदा चढा-उतरा. एका खेपेला सुमारे ६०० मीटर चढ आहे, म्हणजे दोन खेपांत शिखराच्या रात्रीएवढी चढण होते. दोघांनी मिळूनच करा. एकमेकांचा वेग आणि थकल्यावरचा स्वभाव तिथेच कळतो. उंचीचा सराव मात्र महाराष्ट्रात होत नाही. कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच आहे.

प्रश्न : हा ज्वालामुखी पुन्हा फुटू शकतो का? (सातवीतली विद्यार्थिनी, बाळे)

किलिमांजारो म्हणजे तीन ज्वालामुखी : शिरा, मावेंझी आणि किबो. पहिले दोन विझलेले आहेत. शिखर ज्याच्यावर आहे तो किबो निद्रिस्त आहे. त्याचा मोठा उद्रेक होऊन लाखाहून जास्त वर्षं झाली, पण मुखाच्या आतल्या खळग्यातून अजूनही गंधकाची वाफ येते. चढणाऱ्यांना त्याचा धोका नाही. तुझ्या घराखालचा काळा दगडही लाव्हाचाच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. फरक असा की आपल्याकडचा लाव्हा भेगांतून येऊन थरांवर थर पसरला, म्हणून इथे सपाट पठार झालं. तिथे तो एकाच मुखाभोवती साचत गेला, म्हणून शंकू झाला. शेवटच्या चढणीवर पायाखाली सुटी राख आणि खडी असते. रात्रीच्या थंडीत ती गोठून घट्ट होते, आणि मध्यरात्री निघण्याचं ते एक कारण आहे.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा, मुलगा २४ चा. तो भरभर चालतो. आमच्यापैकी एकाला परत फिरावं लागलं तर दुसऱ्याने काय करायचं? (विजापूर रस्ता)

हा प्रश्न घरी असतानाच सोडवायला हवा. ५००० मीटरवर, उणे दहा-पंधरा अंशांत, रात्री तीन वाजता डोकं नीट चालत नाही आणि भावना फार जोरात असतात.

किलिमांजारोवर परवानाधारक वाटाड्या सक्तीचा आहे. तुम्ही दोघंच असलात तरी मुख्य वाटाड्या आणि एक सहायक, असे दोन वाटाडे शिखराच्या रात्री तुमच्यासोबत राहतील, हे बुकिंगच्या वेळी लेखी घ्या. एकच असेल तर एकाचं डोकं दुखलं की दोघांनाही उतरावं लागतं. दोन असतील तर एक खाली नेतो, दुसरा वर. त्यामुळे 'मी नाही तर तूही नको' आणि 'मी ओझं झालो', दोन्ही टळतात. मात्र परतणाऱ्याची प्रकृती गंभीर असेल तर दोघांनी एकत्र उतरावं. हेही आधीच ठरवून घ्या.

वेग हळू चालणाऱ्याचा. तुम्ही पुढे, मुलगा मागे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे. तिथले वाटाडे दिवसभर 'पोले पोले' म्हणजे हळू हळू म्हणत असतात ते याचसाठी. आणि तरुण माणसाला उंची कमी बाधते असं गृहीत धरू नका. जोमाने चालणारी पोरंच पहिल्या तीन दिवसांत घाई करतात आणि चौथ्या दिवशी आडवी होतात.

रोज संध्याकाळी आणि सकाळी एकमेकांना चारच गोष्टी विचारा : डोकं दुखतंय का, मळमळ आहे का, चक्कर येते का, नेहमीपेक्षा जास्त गळून गेल्यासारखं वाटतं का. डोकेदुखी आणि सोबत यातलं आणखी काही असेल तर बरं वाटेपर्यंत आणखी वर चढायचं नाही. मग सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालायला लावा. तोल जात असेल, बोलणं असंबद्ध असेल, तर मेंदूला सूज येत असू शकते. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला हे फुप्फुसात पाणी साचत असल्याचं लक्षण. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही, ताबडतोब खाली. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावरचा आकडा चांगला आला म्हणून लक्षणांकडे डोळेझाक करू नका. आजारी माणूस स्वतः 'मला काही झालं नाही' म्हणतो, म्हणून हे काम सोबत्याचं.

प्रश्न : डायमॉक्स घ्यावी का? माझ्या मित्राला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. (अशोक चौक)

अॅसिटाझोलामाइड, म्हणजेच डायमॉक्स, उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठीची नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगून. घरी असताना एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. हे तंबूत रात्री पहिल्यांदा कळलं तर माणूस घाबरतो.

मित्राने मधुमेहाच्या डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याशिवाय तिकीट काढू नये. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, म्हणून ते अंगालगतच्या खिशात ठेवायचं. ग्लुकोमीटरही थंडीत चुकीचा आकडा देतो किंवा बंद पडतो, तोही अंगाशी उबदार ठेवायचा. अर्धा साठा सोबत्याकडे असावा. विमा घेताना ६००० मीटरपर्यंतचं पदभ्रमण त्यात लिहिलेलं आहे का ते पाहा. पुष्कळ साध्या प्रवासविम्यांत ही उंची बसत नाही.

प्रश्न : बूट नवे घेतले आहेत. थंडीसाठी इथलीच चादर नेली तर चालेल? (एमआयडीसी, अक्कलकोट रस्ता)

चादर सोलापूरची असली तरी ती सुती आहे. सूत घाम आणि दव धरून ठेवतं, वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं. तीच गोष्ट टॉवेलची आणि बनियनची. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार सिंथेटिक कापडाचा उबदार कपडा), त्यावर पिसांचं जॅकेट, सगळ्यात वर वारा अडवणारं कवच. हातात पातळ मोजे आणि त्यावर चार बोटं एकत्र राहतील असे जाड मोजे. स्लीपिंग बॅग उणे पंधरा अंशांची.

बूट अर्धा ते एक नंबर मोठे हवेत, आणि निघण्यापूर्वी त्यांत ८०-१०० किलोमीटर चालून झालेलं हवं. उतारावर पाय पुढे घसरून अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि नखं काळी पडतात. त्यावर उपाय नाडीत आहे. पाय जिथे घोट्याला वाकतो तिथपर्यंत नाडी ओढून घ्या. तिथे नाडीची दोन टोकं एकमेकांभोवती एकदा न वळवता दोनदा वळवा आणि खेचा, म्हणजे खालचा ताण सैल पडत नाही. टाच मागे दाबून धरूनच हे करा. वरचे हुक मग हलके बांधा. नखं चार-पाच दिवस आधी कापा. बोट बुटाच्या आत न हलवता येण्याइतके मोजे घालू नका, रक्त फिरलं नाही की पाय जास्त गार पडतात.

पाण्याची बाटली शिखराच्या रात्री उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. नळीची पिशवी असेल तर प्रत्येक घोटानंतर फुंकून पाणी मागे सारा, तरीही नळी गोठू शकते, म्हणून एक बाटली हवीच. मोबाइल आणि टॉर्चचे जादा सेल आतल्या खिशात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेता येईल का? (सात रस्ता)

जरूर. तिथले स्वयंपाकी शाकाहारी जेवण करतात, बुकिंगच्या वेळी सांगायचं एवढंच. पण ४००० मीटरच्या वर भूक मरते आणि परकं अन्न घशाखाली उतरत नाही, तेव्हा ओळखीची चव उपयोगी पडते. भाकरीचा चुरा होतो म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, चटणी कोरडी. टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात, तेव्हा कापडी पिशव्याच न्या. सामान वाहणारा मदतनीस तुमचं साधारण १५ किलो घेतो, डबे त्यात बसवा. शिखराच्या रात्री तासातासाला चिक्कीचा एक तुकडा, भूक नसली तरी. ती खिशात ठेवण्याआधी घरीच घासाएवढे तुकडे करून घ्या. गारठ्यात चिक्की दगडासारखी होते आणि जाड मोजे घातलेल्या हातांनी मोडता येत नाही.